रिमुरोआवरची शाळा

रिमुरोआचं टोक माझ्या चुलत सासऱ्यांनी, पारातेनेकाकांनी, शाळेसाठी दिलं तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. मी पलीकडच्या खाडीतली. पण बातमी आमच्याकडेही आली होती की पारातेने नावाच्या सरदाराने समुद्रात घुसलेली अख्खी जमीन बिशपला देऊन टाकली, पोरांनी शिकावं म्हणून. माझी आई म्हणाली, "शहाणा माणूस." माझे वडील म्हणाले, "बघू."

पुढे मी सून होऊन याच गावात आले. रोज सकाळी दार उघडलं की खाडीपलीकडे रिमुरोआ दिसायचं. त्यावर शाळा नव्हती. मेंढ्या होत्या.

सभाघरासमोर उभा राहून बिशप काय काय बोलला होता ते गावात सगळ्यांना पाठ होतं. गोऱ्यांची मुलं आणि तुमची मुलं एका बाकावर बसतील, वाचतील, सुतारकाम शिकतील, तुमच्यातलेच उद्या पाद्री होतील. बिशपला आमची भाषा येत नव्हती, म्हणून एक तरुण पाद्री त्याचं बोलणं वाक्यावाक्याने आमच्या भाषेत सांगत होता. काकांनी तिथेच उठून शब्द दिला. त्यानंतर कधीतरी गव्हर्नरने त्याच जमिनीची सनद बिशपच्या नावाने करून दिली. काकांनी दिलेली जमीन गव्हर्नरने पुन्हा दिली! आयजीच्या जिवावर बायजी उदार. आमच्या लोकांना वाटलं, चला, कागदही झाला, आता शाळेला उशीर नाही.

बिशप समुद्रापार आपल्या देशी निघून गेला. जमीन चर्चच्या विश्वस्तांकडे आली. त्यांनी ती गिल्क्रिस्ट नावाच्या मेंढपाळाला खंडाने दिली. काका विचारायला गेले की उत्तर ठरलेलं, खंडाचा पैसा साठतो आहे, पुरेसा साठला की शाळा. ज्या पोरांसाठी जमीन दिली होती ती पोरं मोठी झाली, त्यांना पोरं झाली. काही घरं गाव सोडून गेली. दर सभेला कोणीतरी वात्रट उठून विचारायचाच, "काय काका, मेंढ्या यंदा कुठल्या पुस्तकात आहेत?" लोक हसायचे. काका हसत नसत आणि चिडतही नसत. "शब्द मी दिलाय," एवढंच म्हणत, "तो मी परत घेणार नाही. त्यांनी आपला पाळायचाय."

माझ्या नवऱ्याला, तिओपिराला, हे ऐकवत नसे. तो काकांचा पुतण्या. त्याचा बाप, म्हणजे काकांचा धाकटा भाऊ, गावाला न जुमानता लढाईत उतरला आणि गोऱ्यांच्या गोळीने गेला होता. लढाया नुकत्याच थांबल्या होत्या. ज्या ज्या गावांनी बंदूक उचलली त्यांच्या जमिनी सरकारने जप्त केल्या होत्या, आणि आमचं गाव गप्प बसलं म्हणून आमच्याकडे बटाट्याची शेतं आणि वाम पकडायचा ओढा तरी उरला होता. तिओपिराला गप्प बसण्याचाच राग होता.

त्या उन्हाळ्यात त्याने सभेत सरळ सांगितलं, "लोकर कातरून झाली की गिल्क्रिस्टची सगळी लोकर एका शेडमध्ये असते. एक काडी पुरे. मग बघू तो कुठे राहतो."

पाच-सहा तरणी पोरं "बरोबर!" म्हणून ओरडली. काका काही बोलणार इतक्यात मागून माझी नणंद उठली.

कराराइना तिओपिराची मोठी बहीण, विधवा. लढाईच्या आधी नदीवरच्या मिशनच्या शाळेत शिकलेली. लढाईत ती शाळा बंद पडली आणि ती घरी आली, येताना पुस्तकांची एक पेटी पाठीवर घेऊन. अंगाने किरकोळ, आवाज मात्र असा की खाडीपलीकडच्या कुत्र्याने कान टवकारावे.

"एक काडी पुरे," ती म्हणाली. "आणि मग शिपाई यायला एक दिवस पुरे. मग आपल्या बटाट्यांवर पण मेंढ्या चरतील. तिओपिरा, तू गिल्क्रिस्टचाच नोकर का होत नाहीस? त्याचं काम इतकं मनापासून करतोस ते."

लोक हसले. तिओपिरा लाल झाला. "मग तू सांग! नुसतं वाट बघत बसायचं?"

"नाही. ती जमीन कशासाठी दिली होती?"

"शाळेसाठी," चार जण म्हणाले.

"मग तिथे शाळा बांधू. आपण. मी शिकवते. आपण जमीन परत मागत नाही, कुंपण तोडत नाही, कुणाच्या मेंढीला हात लावत नाही. काकांनी जे म्हटलं होतं तेच करतोय. आता बघू देत, शाळेच्या जमिनीवरून शाळा कशी हाकलतात."

 काकांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. इतकी वर्षं ते जे ओझं एकटे वाहत होते त्याला कुणीतरी दुसरीकडून खांदा लावला होता, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

गिल्क्रिस्टची माणसं लोकर कातरणीत गुंतली होती त्या दिवशी पहाटे भरती धरून आम्ही होड्या काढल्या. वासे आधीच तोडून ठेवले होते. दलदलीतल्या पाणकणसाच्या पेंढ्या होड्यांत रचल्या, हाराकेके नावाच्या चिवट गवताच्या पात्यांच्या दोऱ्या वळून घेतल्या. रिमुरोआच्या आतल्या बाजूला, वारा अडतो तिथे, माणसांनी खांब रोवले आणि बायकांनी पेंढ्या बांधायला घेतल्या. मी आढ्याशी बसले होते. माझी राहेरा तेव्हा अंगावर पिणारी, तिला खाली माझ्या जावेकडे दिलं होतं. तिओपिरा खालून पेंढ्या वर देत होता.

दारावरची पेंढी त्याने वर दिली तेव्हा ती जड लागली. मी चाचपली. आत लांब, गार, कठीण काहीतरी होतं. मला कळायला वेळ लागला नाही. ती दुनळी बंदूक आमच्या घरात माझ्या उशाशी टांगलेली असायची. तिचा थंडपणा माझ्या ओळखीचा होता.

मी खाली बघितलं. तिओपिरा वर बघत होता.

"बांध," तो म्हणाला. "विचारू नकोस."

मी बांधली. माझ्या हातांनी, नीट, गाठ सुटणार नाही अशी. तेव्हा तो चुकतोय अशी माझी खात्री नव्हती. गोरे बंदुका घेऊन आले तर मोकळ्या हाताने काय करायचं, हे मलाही कळत नव्हतं.

ऊन कलायच्या आत छप्पर झालं. कराराइनाने मुलांना आत बसवलं, पेटी उघडली आणि पहिला धडा सुरू केला. तो संपायच्या आत गिल्क्रिस्ट आला. घोड्यावर, मागे दोन कुत्री, हातावर लोकरीचं तेल तसंच. दांडगा, उन्हाने भाजलेला माणूस. त्याला आमची भाषा तोडकीमोडकी यायची.

"हे काय?"

"शाळा," काका म्हणाले. ते दारात चटई टाकून बसले होते.

"माझ्या कुरणात?"

"चर्चच्या जमिनीत. तू चर्चला खंड देतोस ना? तो खंड शाळेसाठीच आहे. ही घे शाळा. तुझे पैसे कुठे जातात ते आता तुला दिसेल तरी."

गिल्क्रिस्टला राग आला होता, पण त्याहून जास्त तो गोंधळला होता. "मी प्रामाणिक माणूस आहे. दरवर्षी खंड भरतो. तुमचं चर्चशी जे काय असेल ते चर्चशी बोला, मला का छळता? या मेंढ्यांना पाणी इथूनच आहे!"

"मेंढ्यांना पाणी पिऊ दे," कराराइना आतून म्हणाली. "फक्त आवाज कमी कर. मुलं वाचताहेत."

त्याने कुत्र्यांना शीळ घातली आणि निघून गेला. जाता जाता म्हणाला, "शहरातून माणसं येतील. मी बोलावणार आहे. नंतर मला बोल लावू नका."

मग वाट बघणं सुरू झालं. रोज सकाळी मुलं होडीतून यायची, दुपारपर्यंत शिकायची. मोठी मुलगी मिरिआमा धाकट्यांकडून अक्षरं घोकून घ्यायची. मी आणि इतर बायका आळीपाळीने रताळी भाजायला, तिसऱ्या उकडायला थांबायचो. गडी कुंपणापाशी बसून शहराच्या वाटेवर डोळे लावायचे. तिओपिरा शाळेतच झोपायचा, राखण म्हणून. दिवसाही दारापासून लांब जात नसे. मी दारातून आत-बाहेर करायची आणि दरवेळी मान आपोआप खाली व्हायची. खाली ती पोरं मांडी घालून बसलेली, आणि त्यांच्या डोक्यावर माझ्याच हाताने बांधलेली ती पेंढी. माझी राहेरा कोपऱ्यात चटईवर झोपलेली असायची.

एक दिवस न राहवून मी तिओपिराला म्हटलं, "ती काढ तिथून. सापडली तर याला ते शाळा म्हणणार नाहीत, गढी म्हणतील."

"सापडणार नाही."

"आणि वापरलीस तर?"

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्यांनी काकांना हात लावला तर वापरीन. नाहीतर नाही."

काकांना हात लागणार हे दोघांनाही ठाऊक होतं. काका दारातच बसत होते.

ते आले तेव्हा ढगाळ होतं, समुद्र शिशासारखा. आधी गिल्क्रिस्ट, त्याच्यामागे त्याचे दोन गडी बैलांची जोडी आणि साखळदंड घेऊन. त्यामागे घोड्यावर आर्चडीकन मर्टन, चर्चच्या विश्वस्तांचा मुख्य. आणि कॉन्स्टेबल हेनेसी, हातात काही नाही, पण सोबत शहरातले चार सशस्त्र शिपाई.

मर्टन घोड्यावरून उतरला तसे काका पहिल्यांदाच चटईवरून उठले. "ये," ते म्हणाले. "केस पांढरे झाले तुझे."

मला मागाहून कळलं. बिशपचं बोलणं ज्या तरुण पाद्र्याने आमच्या भाषेत सांगितलं होतं, तो हाच.

"तुम्हीही म्हातारे झालात, पारातेने," मर्टन म्हणाला. त्याची भाषा आमच्यापेक्षाही शुद्ध होती. "असं भेटायला नको होतं. या लोकांना घरी न्या. मी तुमच्या पाया पडून सांगतो."

"पाया नको पडू. आत ये. शाळा बघ."

"इथे शाळा होऊ शकत नाही. इथे मुलंच उरली नाहीत. शहराजवळ एक चांगली, दगडी शाळा बांधायचा विचार आहे, या जमिनीच्या खंडातून. तुमचीही मुलं तिथे येऊ शकतील."

"मुलं उरली नाहीत कारण शाळा नव्हती. ज्यांना शिकवायचं होतं ते पोरांना घेऊन निघून गेले. आणि ही बघ, उरलेली आत बसलीत. मोज."

मी आत होते, दारालगतच्या भिंतीशी. बाहेर बैल साखळी ओढत शाळेच्या मागच्या बाजूला चालले होते, खांबाला साखळी अडकवायला. एक शिपाई कुडाच्या भिंतीवर बंदुकीचा दस्ता आपटत फिरत होता, आत काही लपवलंय का ते बघायला. तिओपिराला त्यांनी दारापासून हटवून कुंपणापाशी नेलं होतं. दोन शिपायांनी गड्यांना तिथेच अडवून धरलं होतं. त्याची नजर मात्र दारावर होती. तो वाट काढत पुढे सरकतोय हे मला दिसलं.

मला वाटतं मी विचार केलाच नाही. मी राहेराला उचललं. तिने चटई खराब केली होती, चांगलीच. दोन दिवसांपासून तिचं पोट बिघडलं होतं. मी तिला पाठीशी बांधलं, टाचा वर केल्या आणि दारावरच्या पेंढीत हात घातला. गाठ माझीच होती, पण सुटेना. दातांनी ओढली.

आतला घोकण्याचा आवाज थांबला. सगळी मुलं माझ्याकडे बघत होती. कराराइनाही बघत होती, आणि माझ्या हातात काय येतंय ते तिने बघितलं. तिचा चेहरा राखेसारखा झाला. तिला त्याआधी कुणी काही सांगितलं नव्हतं.

"तोंडं तिकडे करा," ती मुलांना म्हणाली. "समुद्राच्या भिंतीकडे. पुन्हा पहिल्यापासून. आणि मोठ्याने! पाद्रीबाबांना बाहेर ऐकू गेलं पाहिजे."

मुलं वळली. एवढ्या मोठ्याने ओरडून वाचायला लागली की कुड हलला. त्या आवाजात मी बंदूक खाली घेतली, घाण झालेल्या चटईत गुंडाळली, वळकटी खांद्यावर टाकली आणि दारातून बाहेर पडले.

काका आणि मर्टन समोरासमोर उभे होते, मी त्यांच्यामधून गेले.  पुढे हेनेसी उभा होता.

"थांब बाई," तो म्हणाला. "काय आहे त्यात?"

त्याला आमची भाषा जेमतेम यायची, आणि मला त्याची त्याहून कमी. मी वळकटीचं टोक त्याच्या नाकापाशी नेलं आणि पाठीवरच्या राहेराकडे बोट दाखवलं.

"धुवायची आहे," मी म्हटलं. "घेतोस?"

तो झटकन मागे सरला, तोंडावर हात घेऊन. दोन शिपाई हसले. पण तो हसला नाही. त्याचे डोळे वळकटीच्या लांबीवरून फिरले, मग माझ्या तोंडावर आले आणि तिथे थांबले. मी डोळे खाली केले नाहीत. केले असते तर संपलं होतं. आतून मुलांचं वाचणं चालूच होतं.

"जा," तो म्हणाला. "लवकर जा."

त्याला कळलं होतं की नाही हे मला आजही सांगता येणार नाही.

ओहोटी होती. मी चिखलात उतरले, पोटऱ्यांपर्यंत, मग गुडघ्यांपर्यंत. वरच्या माणसांकडे पाठ करून, अंगाच्या आडोशाने वळकटी उलगडली, बंदूक उभी धरली आणि दाबली. चिखलाने ती सावकाश गिळली. राहेरा रडायला लागली. मी चटई खरंच धुतली, कारण वरून एक शिपाई बघत होता, आणि परत वर आले.

तोवर साखळी बांधून झाली होती. काका पुन्हा दारात बसले होते आणि दोन शिपाई त्यांच्या दोन बाजूंना. तिओपिरा शिपायांच्या हातून निसटून दाराशी पोचला होता. त्याचा हात वर गेला, पेंढीत घुसला, चाचपडला. पुन्हा चाचपडला. वाळकी पाती त्याच्या खांद्यांवर गळत होती. मग त्याने वळून गर्दीत शोधलं आणि त्याला मी दिसले, चिखलाने माखलेली, हातात ओली चटई.

असं माझ्याकडे त्याने आधी कधी बघितलं नव्हतं, पुढेही नाही. एका शिपायाने त्याला मागे ढकललं. तो मुकाट मागे झाला. 

काका मर्टनला म्हणाले, "पाडायचं तर पाड. पण आधी तुझ्या तोंडाने सांग काय पाडतोयस ते. त्या दिवशी बिशप बोलत होता, पण आमच्या कानात आवाज तुझा आला होता. शाळा हा शब्द मी तुझ्याच तोंडून ऐकला. आज पण तुझ्याच तोंडून ऐकू दे."

"ही झोपडी आहे, पारातेने."

"ऐक." काकांनी बोट वर केलं. आतून मिरिआमाचा आवाज येत होता, एक ओळ ती म्हणत होती आणि मागून धाकटी म्हणत होती. "झोपडी वाचते काय?"

 मर्टन दुष्ट माणूस होता असं मी म्हणणार नाही. घाम पुसत होता, नजर चुकवत होता. पण त्याने मागे फिरायचं नाही असं ठरवलेलं होतं, आणि ठरवलेल्या माणसाला लाज वाटली तरी ती त्याला थांबवत नाही.

हेनेसीने घसा खाकरला. "साहेब, मला वरिष्ठांना सांगावं लागेल. काय पाडलं म्हणून सांगू?"

"जे आहे ते सांग!" मर्टन त्याच्यावर खेकसला.

काकांनी डोळे मिटले. मग आत हाक मारली, "पोरी, मुलांना बाहेर आण. त्यांच्या डोक्यावर छप्पर पडायला नको. बाहेरून बघू देत. नीट बघू देत."

कराराइनाने मुलांना रांगेने बाहेर आणलं. पेटी तिच्या डोक्यावर होती. काका उठायला तयार नव्हते, त्यांना शिपायांनी काखेत धरून उचललं आणि बाजूला नेऊन चटईसकट ठेवलं. तिओपिराने ते बघितलं आणि खाली बसून तोंड गुडघ्यांत घातलं. गिल्क्रिस्टने बैलांना टिचकारी दिली. खांब आधी वाकला, मग मुळापासून निघाला, आणि आमची शाळा मेंढी बसावी तशी पुढचे गुडघे टेकून बसली. धुरळा उडाला. धाकटी मुलं रडायला लागली.

"रडायचं नंतर," कराराइना म्हणाली. तिचाच आवाज फाटला होता. "कुठपर्यंत आलो होतो?"

मुलं उघड्यावर बसली आणि वाचायला लागली. मर्टन घोड्यावर चढला तेव्हा ती वाचतच होती. गिल्क्रिस्ट मान खाली घालून बैल सोडत होता. त्याची मुलगी एल्सपेथ तट्टावर बसून कुंपणापाशी येऊन उभी राहिली होती, कधीपासून ते कुणाला माहीत. तो तिच्यावर ओरडला, "घरी जा!" ती हलली नाही. तिलाही वाचता येत नव्हतं, हे आम्हांला पुढे समजलं. त्या कुरणात तिच्यासाठी तरी शाळा कुठे होती?

आम्ही पुन्हा बांधली. त्यांनी पुन्हा पाडली. तिसऱ्यांदा गिल्क्रिस्टने बैल द्यायला नकार दिला, म्हणाला बैल लंगडताहेत. तेव्हा त्यांनी ती पेटवून दिली. मग काका कोर्टात गेले. न्यायाधीशांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की सनद गव्हर्नरची आहे, ती बिशपच्या नावाने आहे, तुमच्या शब्दाला या कोर्टात जागा नाही. 

तिओपिराने माझ्याशी, फक्त माझ्याशी, बोलणं टाकलं होतं. तो हिवाळा त्याने डोंगरातल्या रानात लाकूड तोडण्यात काढला. मी रताळी पुरली, उकरली, राहेराला चालायला शिकवलं. गावातल्या काही बायका मला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "नवऱ्याचं हत्यार चिखलात घालणारी." कराराइना त्यांच्यावर तुटून पडायची. "वन्सं, राहू द्या," मी म्हणायची. "बंदूक चिखलात गेली, गाव नाही गेलं. त्यांना कळेल तेव्हा कळेल."

हेनेसीच्या पोटात मात्र काही राहिलं नाही. शहरात ज्या ज्या गुत्त्यात तो बसला तिथे तिथे त्याने सांगितलं की मुलं वाचत असताना शाळा बैल लावून ओढली, आणि म्हातारा कसा विचारत होता, झोपडी वाचते काय. ते वाक्य शहरभर झालं. रविवारी चर्चमध्ये मर्टनला लोक विचारू लागले. जमीन त्यांनी सोडली नाही. पण पुढच्या वर्षी सरकारचा शाळा-निरीक्षक आमच्या गावात येऊन दाखल झाला.

तो सभाघरात बसून गोड बोलला. सरकार गावोगाव शाळा बांधणार आहे. इमारत सरकारची, शिक्षक सरकारचा. "तुम्ही फक्त एक करायचं," तो म्हणाला. "शाळेसाठी थोडी जमीन द्यायची."

 काका हसायला लागले. मी त्यांना असं हसताना कधी बघितलं नव्हतं. खोकला लागेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. निरीक्षक घाबरून सगळ्यांकडे बघायला लागला.

"देतो," काका शेवटी म्हणाले. "माझं बटाट्याचं शेत देतो. ओढ्याकडचं."

"काका!" तीन-चार जण ओरडले.

"देतो म्हटलं ना. पण ऐका साहेब, या वेळी उलटं. आधी शाळा, मग सही."

निरीक्षक म्हणाला असं होत नसतं. काका म्हणाले मग शाळा होणार नाही. बरेच दिवस माणसं येत-जात राहिली. अखेर सरकारने लाकूड पाठवलं.

तिओपिरा परत आला तो त्या कामावर. रानातून त्याने स्वतः तोडलेले खांब ओढ्याच्या पाण्यातून वाहून आणले होते, सरकारी लाकडापेक्षा चांगले. संध्याकाळी मी त्याच्यापुढे वाम आणि बटाटे ठेवले. तो खाता खाता म्हणाला, "माझ्या बापाची होती ती."

"ठाऊक आहे."

"त्याची एवढीच वस्तू माझ्याकडे होती."

"आणि ही?" मी राहेराला त्याच्या मांडीवर ठेवलं. "ही त्याची नात नाही?"

तो बराच वेळ तिच्या केसांतून हात फिरवत बसला. माफ केलं असं तो म्हणाला नाही, मीही माफी मागितली नाही. पण दुसऱ्या दिवशी कामाला जाताना त्याने हातोडी मला आणून द्यायला सांगितली. माझं नाव घेऊन, पूर्वीसारखं.

सरकारने गोरा शिक्षक पाठवला. कराराइनाला त्याची मदतनीस केलं, अर्ध्याहून कमी मान आणि सगळं काम. ती माझ्यापाशी चरफडायची आणि सकाळी सगळ्यांच्या आधी शाळेत असायची. पहिल्या दिवशी तट्टावर बसून एल्सपेथ गिल्क्रिस्टही आली. कुणी तिला बोलावलं नव्हतं. मिरिआमाने सरकून तिला बाकावर जागा केली.

निरीक्षक सहीसाठी त्याच दिवशी आला होता. काकांना लिहिता येत नव्हतं, ते आपल्या गालावरच्या गोंदणाची वळणं कागदावर काढत, तीच त्यांची सही. शाळेत मागच्या भिंतीशी त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली होती, समोर बाकांवर मुलं मोठ्याने वाचत होती. निरीक्षकाने कागद पुढे केला, टाक शाईत बुडवून हातात दिला. काकांनी टाक घेतला आणि तसाच धरून ठेवला. शाईचा थेंब त्यांच्या गुडघ्यावर पडला.

"सही, सरदार," निरीक्षक हळूच म्हणाला.

"थांबा हो," काका म्हणाले. "त्यांचं वाचून होऊ दे."